नवी ॲडव्हेंचर मोटारसायकल : बदलांचा क्रम आणि दौऱ्याची तयारी

महामार्गावर दिवसभर धावता यावे आणि डांबर संपले तरी प्रवास थांबू नये, या दोन गरजा एकाच वाहनात भागविण्यासाठी घडविलेल्या मोटारसायकलीला ॲडव्हेंचर मोटारसायकल म्हणतात. आकाराने मोठे पुढचे चाक, सस्पेन्शनचा लांब पल्ला, म्हणजे खड्ड्यातून जाताना चाकाला वरखाली होण्यासाठी मिळणारी पुरेशी जागा, इंजिनाचा तळ आणि जमीन यांतील ऐसपैस अंतर आणि फूटरेस्टवर उभे राहूनही नीट पकडता येईल असे रुंद हँडल, ही तिची लक्षणे होत. भारतात हा प्रकार सामान्य खरेदीदाराच्या आवाक्यात आणला तो प्रामुख्याने २०१६ मधील रॉयल एनफिल्ड हिमालयन आणि २०१९ मधील हीरो एक्सपल्स २०० या गाड्यांनी. नोव्हेंबर २०२३ मध्ये आलेल्या हिमालयन ४५० ने त्यात पाण्याने थंड होणारे ४५२ सीसी इंजिन, सहा गिअर आणि सुमारे ४० पीएस शक्ती यांची भर घातली. प्रस्तुत लेखात हीच गाडी उदाहरणादाखल घेतली असली, तरी येथील बहुतेक मुद्दे या वर्गातील अन्य गाड्यांनाही लागू पडतात.

गाडी ताब्यात मिळण्याआधीच ॲक्सेसरीजची लांबलचक यादी खरेदीदारापुढे ठेवली जाते आणि उत्साहाच्या भरात अशा वस्तूंवर मोठी रक्कम खर्च होते, ज्यांची गरज आहे की नाही हे पहिले हजारभर किलोमीटर झाल्याशिवाय कळणे शक्य नसते. जोडलेली प्रत्येक वस्तू गाडीचे वजन वाढविते आणि वाढलेले वजन ब्रेक, वळणे आणि इंधनाचा खप या सर्वांवर परिणाम करते. म्हणून प्रथम चालक आणि गाडी यांचा मेळ, त्यानंतर पडझडीपासून संरक्षण, त्यानंतर सामान आणि सर्वांत शेवटी विजेची उपकरणे, हा क्रम ठेवावा आणि दोन टप्प्यांच्या मध्ये एक तरी प्रत्यक्ष प्रवास घडावा. इंजिनाचे नवे भाग एकमेकांत बसण्याचा जो सुरुवातीचा काळ असतो, त्यात पूर्ण थ्रॉटल आणि दीर्घकाळ एकाच वेगाने धावणे टाळायचे असते. साधारण ५०० किलोमीटरांवर होणाऱ्या पहिल्या सर्व्हिसपर्यंतचा हा काळ गाडीत काहीही न बदलता ती समजून घेण्यासाठी वापरणे सर्वांत श्रेयस्कर.

कायद्याची चौकट

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात नमूद केलेल्या तपशिलांशी विसंगत ठरतील असा बदल वाहनमालकाला करता येत नाही. वाहनाच्या रचनेत ज्या फरकामुळे त्याचे मूलभूत स्वरूप पालटते, तो फरक म्हणजे बदल, असे स्पष्टीकरण त्याच कलमात दिलेले आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका अधोरेखित केली आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये अशा प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही शिक्षांची तरतूद झाली. त्यामुळे इंजिनाची क्षमता, चासी किंवा नोंदणीतील रंग यांना हात लावणे धोक्याचे ठरते. बॅगा, गार्ड, विंडशील्ड यांसारख्या काढता-घालता येणाऱ्या वस्तूंनी मात्र सहसा अडचण येत नाही. सायलेन्सर बदलण्याचा मोह विशेष टाळावा, कारण त्यातून आवाजाची आणि प्रदूषणाची मर्यादा ओलांडली जाते, गाडीची वॉरंटी अडचणीत येऊ शकते आणि महाराष्ट्रातील अनेक शहरांत पोलिसांनी असे जप्त सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडल्याचे सर्वांनी पाहिले आहे.

विम्याच्या बाबतीत एक गैरसमज सार्वत्रिक आहे. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीबरोबर पाच वर्षांचा तृतीय पक्ष विमा घ्यावा लागतो, म्हणजे अपघातात दुसऱ्याचे जे नुकसान होईल त्याची भरपाई करणारा विमा पाच वर्षांचा असतो. स्वतःच्या गाडीचे नुकसान भरून देणारा भाग मात्र बहुधा एकाच वर्षाचा असतो आणि तो दरवर्षी वाढवून घ्यावा लागतो. दौऱ्याला निघण्यापूर्वी ही तारीख पाहावी, तसेच बसविलेल्या महागड्या वस्तू विमा कंपनीला लेखी कळवाव्यात, म्हणजे पुढे दाव्याच्या वेळी वाद उद्भवणार नाही.

चालक आणि गाडी यांचा मेळ

या टप्प्यातील बहुतेक कामांना पैसा लागत नाही, पाना आणि थोडा वेळ पुरतो. हिमालयन ४५० ची सीट ८२५ किंवा ८४५ मिलिमीटर अशा दोन उंचींवर बसविता येते. उंची निवडताना पाय टेकण्याची सोय पाहावी, पण गुडघ्यांचा कोनही पाहावा, कारण बेताची उंची असणाऱ्याला सिग्नलवर खालची सीट सोयीची वाटली, तरी लांब पायांच्या चालकाचे गुडघे त्याच सीटवर दोन तासांत आखडतात. क्लच आणि ब्रेकचे लिव्हर कारखान्यातून आलेल्या कोनात तसेच ठेवले जातात. ते किंचित खाली फिरवून मनगट आणि बाहू एका रेषेत आणले, तर दिवसाअखेर मनगटात येणारी कळ पुष्कळ कमी होते. उभे राहून चालविताना पाठीत वाकावे लागत असेल, तरच हँडल वर उचलणारे रायझर बसवावेत आणि बसविल्यावर हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून केबल व ब्रेकची नळी ताणली जात नाही ना, हे तपासावे.

सर्वांत दुर्लक्षित आणि तितकीच महत्त्वाची जुळवणी मागच्या सस्पेन्शनची असते. चालक आणि सामान यांच्या भाराने गाडी जितकी खाली बसते, त्या अंतराला सॅग म्हणतात आणि ते सस्पेन्शनच्या एकूण पल्ल्याच्या साधारण एक-तृतीयांश असावे, असा सर्वमान्य ठोकताळा आहे. हिमालयन ४५० च्या मागच्या चाकाचा पल्ला २०० मिलिमीटर असल्याने हे अंतर ६५ मिलिमीटरच्या आसपास यायला हवे. ते मोजण्यासाठी प्रथम मागचे चाक जमिनीपासून उचलून चाकाच्या आसापासून सीटखालच्या एखाद्या ठरावीक बोल्टपर्यंतचे अंतर टेपने मोजावे, नंतर चालकाने पूर्ण पोशाख आणि दौऱ्याचे सामान घेऊन गाडीवर बसावे, एकाने गाडी सरळ धरावी, दुसऱ्याने तेच अंतर पुन्हा मोजावे आणि दोहोंतील फरक काढावा. फरक जास्त आला, तर स्प्रिंगला आधीच दिलेला ताण, ज्याला प्रीलोड म्हणतात, तो वाढवावा. हे न केल्यास भरलेली गाडी मागे बसते, पुढचे चाक हलके होऊन वळणावर भरवसा देईनासे होते आणि हेडलाइटचा झोत वर उचलला जाऊन समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर पडतो.

संरक्षण

कच्च्या रस्त्यावर नवशिक्याची गाडी पडणारच, हे गृहीत धरून पडल्यानंतरही ती चालत राहील एवढीच व्यवस्था संरक्षणातून अपेक्षित असते. त्यासाठी तीन वस्तू पुरतात : इंजिन आणि रेडिएटर यांना बाजूने सांभाळणारा क्रॅश गार्ड, इंजिनाच्या तळाला दगडांपासून वाचविणारी बॅश प्लेट आणि लिव्हर मोडू न देणारे हँडगार्ड. क्रॅश गार्ड घेताना नळीच्या जाडीपेक्षा तो गाडीला किती आणि कोणत्या ठिकाणी जोडला जातो याकडे लक्ष द्यावे, कारण एकाच बोल्टवर सगळा धक्का येणारा गार्ड पडल्यावर स्वतः वाचतो आणि इंजिनावरील जोडाची जागा मात्र तडकवितो. हँडगार्डच्या आत धातूची पट्टी असावी. नुसते प्लास्टिक थंडी आणि फांद्या अडविते, लिव्हर वाचवीत नाही.

चालकाच्या पोशाखावरचा खर्च गाडीवरच्या खर्चाआधी व्हावा. आयएसआय चिन्ह असलेले हेल्मेट देशात अनिवार्य आहे. जॅकेट आणि पँटमधील संरक्षक पॅडवर युरोपीय मानकाची पातळी १ किंवा पातळी २ अशी नोंद असते आणि पातळी २ चे पॅड आघाताचा अधिक भाग शोषून घेते. घोटा झाकणारे बूट हा यातील सर्वाधिक टाळला जाणारा, पण गाडी पायावर पडण्याच्या नेहमीच्या प्रसंगी सर्वाधिक उपयोगी पडणारा खर्च होय.

सामान आणि वजनाचा हिशेब

हिमालयन ४५० चे इंधनासह वजन १९६ किलो आहे. समजा, गार्ड आणि प्लेट मिळून आठ किलो, धातूच्या पेट्या आणि त्यांच्या चौकटी पंधरा किलो, पेट्यांतील सामान वीस किलो आणि दहा लिटर जादा पेट्रोल साडेसात किलो अशी भर पडली, तर गाडी अडीचशे किलोंच्या घरात जाते आणि वाळूत किंवा उतारावर पडलेली अशी गाडी एकट्याने उभी करणे बहुतेकांच्या आवाक्याबाहेरचे होते. उत्पादक मॅन्युअलमध्ये गाडीचे जास्तीत जास्त एकूण वजन देतो. त्यातून गाडीचे, चालकाचे आणि मागे बसणाऱ्याचे वजन वजा केल्यावर उरेल तेवढाच सामानाचा अधिकार, असे समजावे.

धातूच्या पेट्या कुलूपबंद होतात, पाणी आत येऊ देत नाहीत आणि हॉटेलबाहेर गाडी लावताना निर्धास्त ठेवतात. कापडी सॅडलबॅगा हलक्या असतात, पडल्यावर चेपतात पण फुटत नाहीत आणि घसरताना पाय त्यांच्याखाली सापडला तरी इजा कमी होते. म्हणून डांबरी रस्त्याचा आणि जोडीने होणारा प्रवास असेल तर पेट्या, कच्च्या रस्त्याचा आणि एकट्याचा प्रवास असेल तर कापडी बॅगा, अशी निवड करणे सयुक्तिक ठरते. पाना, सुटे भाग, पाण्याच्या बाटल्या यांसारख्या जड वस्तू शक्य तितक्या खाली आणि गाडीच्या मध्याजवळ ठेवाव्यात, दोन्ही बाजूंचे वजन तोलून पाहावे आणि मागच्या टोकावरील टॉप बॉक्समध्ये केवळ हलक्या वस्तू भराव्यात. बांधण्यासाठी ताणल्या जाणाऱ्या बंजी कॉर्डपेक्षा बकल असलेले पट्टे वापरावेत. सैल झालेली कॉर्ड मागच्या चाकात किंवा चेनमध्ये अडकून चाक जाम होऊ शकते.

टायरबाबत एवढेच पाहावे की चाक ट्यूबचे आहे की ट्यूबलेस. तारांच्या चाकांत सहसा ट्यूब असते, कारण रिमला तारांसाठी पाडलेल्या छिद्रांतून हवा निसटते. तारा रिमच्या कडेला जोडून ही अडचण दूर केलेली ट्यूबलेस तारांची चाकेही आता मिळतात. ट्यूबलेस टायरचे पंक्चर चाक न काढता रबरी पट्टी खोचून दहा-पंधरा मिनिटांत निघते, तर ट्यूबच्या टायरसाठी चाक खोलणे, टायर सोडविणे आणि ट्यूब बदलणे ही सर्व कामे यावी लागतात. ती घराजवळच्या पंक्चरवाल्याकडे उभे राहून, स्वतःच्या हाताने एकदा तरी करून पाहावीत.

विजेची उपकरणे

गाडीचा आल्टरनेटर, म्हणजे इंजिनाच्या फिरण्यातून वीज तयार करणारा भाग, मर्यादित वीज देतो आणि त्यातली बरीचशी इंधन इंजेक्शन, हेडलाइट आणि रेडिएटरचा पंखा यांत खर्ची पडते. उरलेल्या विजेत काय बसते याचा हिशेब सोपा आहे : वॅटला १२ व्होल्टने भागले की प्रवाह अँपिअरमध्ये मिळतो. वीस वॅटचे दोन जादा दिवे ४० वॅट, म्हणजे सुमारे ३.३ अँपिअर घेतात. त्यांच्या तारेवर पाच अँपिअरचा फ्यूज योग्य ठरतो आणि तो बॅटरीच्या शक्य तितक्या जवळ बसवावा, कारण फ्यूजच्या अलीकडची तार घासून उघडी पडली तर तिला कोणतेच संरक्षण उरत नाही. दिव्यांचा प्रवाह थेट बटनातून न नेता रिलेमधून न्यावा. रिले म्हणजे बटनाकडून येणाऱ्या अल्प प्रवाहाने मोठ्या प्रवाहाचा मार्ग उघडणारा स्विच. त्याची इशारा-तार किल्ली फिरविल्यावरच वीज मिळणाऱ्या जोडणीला लावली, तर गाडी बंद असताना दिवे चालू राहून बॅटरी उतरण्याचा प्रश्न मिटतो. मूळ वायरिंग कापून जोड देण्याऐवजी त्या मॉडेलसाठी तयार मिळणारी जोड-वायर वापरावी, म्हणजे वॉरंटीबाबत वाद होत नाही आणि बिघाड शोधणेही सोपे जाते. हे दिवे शहरात आणि समोरून वाहन येत असताना बंद ठेवणे हे सभ्यतेचे तसेच नियमाचेही आहे.

हिमालयन ४५० च्या गोल पडद्यावर गुगल मॅप्सचा नकाशा दिसत असला, तरी तो चालकाच्या मोबाइलमधून येतो आणि मोबाइलची बॅटरी झपाट्याने संपवितो. म्हणून चार्जिंगची सोय आवश्यक ठरते. मोबाइल थेट हँडलवर लावायचा असेल, तर कंपने शोषणारा माउंट घ्यावा, कारण मोठ्या इंजिनाच्या मोटारसायकलींच्या कंपनांमुळे कॅमेऱ्यातील स्थिरीकरणाची यंत्रणा बिघडू शकते, असा इशारा ॲपल कंपनीनेच २०२१ मध्ये दिला होता.

सरावाचा दौरा : ताम्हिणी ते रत्नागिरी

मोठ्या दौऱ्याआधी दोन-तीन मुक्कामांचा एक दौरा पूर्ण सामानासह करावा आणि महाराष्ट्रात त्यासाठी कोकणचा सागरी रस्ता उत्तम आहे. पुण्याहून ताम्हिणी घाटाने माणगाव, तेथून दिवेआगर आणि श्रीवर्धन, बागमांडला ते वेशवी जंगल जेट्टी, म्हणजे वाहने वाहून नेणारी बोट, पुढे केळशी, आंजर्ले, हर्णै, दापोली आणि दाभोळ, तेथून जेट्टीने धोपावे, गुहागर, तवसाळ ते जयगड ही आणखी एक जेट्टी आणि शेवटी गणपतीपुळे व रत्नागिरी, असा हा मार्ग घाट, अरुंद वळणे, चढउतार आणि जांभ्या दगडाची सुटी खडी या सर्वांची परीक्षा घेतो. जेट्टीच्या ओल्या लोखंडी उतारावर पुढचा ब्रेक दाबला तर चाक क्षणात घसरते. तेथे पहिल्या गिअरमध्ये, हँडल सरळ ठेवून, मागच्या ब्रेकच्या आधाराने उतरावे आणि बोट चालू असताना गाडी गिअरमध्ये ठेवून साइड स्टँडवर उभी करावी. परतीचा प्रवास आंबा घाटाने कोल्हापूरमार्गे केल्यास महामार्गावरील वेगात भरलेली गाडी कशी वागते, तेही कळते. प्रत्येक मुक्कामी गार्ड, चौकटी आणि आरसे यांचे नट-बोल्ट पान्याने तपासावेत, कारण नव्याने बसविलेले जोड पहिल्या दोन-तीनशे किलोमीटरांत सैल होतात.

लडाखचा दौरा

महाराष्ट्रातून लडाखला जाणाऱ्यांपैकी पुष्कळजण गाडी रेल्वेने दिल्ली किंवा चंडीगढपर्यंत पाठवितात. पार्सल कार्यालयात नोंदणी प्रमाणपत्राची प्रत आणि ओळखपत्र लागते, टाकीतील पेट्रोल पूर्ण काढावे लागते आणि गाडी गोणपाटात बांधावी लागते. आरसे आणि विंडशील्ड घरीच काढून सामानात ठेवलेले बरे. लडाखमध्ये बाहेरील राज्यांची प्रीपेड सिमकार्डे चालत नाहीत, पोस्टपेड चालतात, याची सोय निघण्याआधीच करावी लागते.

मार्ग निवडताना अंतराआधी उंचीचा विचार करावा. विरळ हवेमुळे डोकेदुखी, मळमळ, निद्रानाश आणि गंभीर अवस्थेत फुप्फुसांत किंवा मेंदूत पाणी साचणे, या लक्षणसमूहाला उंचीचा आजार म्हणतात. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर मुक्कामाची उंची दररोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असा वैद्यकीय संकेत आहे. श्रीनगर सुमारे १,६००, कारगिल सुमारे २,७०० आणि लेह सुमारे ३,५०० मीटर उंचीवर असल्याने हा चढ त्यामानाने सौम्य पडतो. उलट मनालीकडून जाणाऱ्याला जिस्पानंतरचा मुक्काम बहुधा ४,२०० मीटरच्याही वर असलेल्या सरचूला करावा लागतो. म्हणून श्रीनगरमार्गे जावे, लेहमध्ये किमान दोन रात्री विश्रांती घ्यावी आणि मनालीमार्गे परतावे, हा क्रम हिताचा ठरतो. प्रतिबंधक गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्याव्यात आणि लक्षणे वाढू लागल्यास खाली उतरणे हाच खरा उपचार होय. पाच हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्म्याहून थोडा अधिक असतो, त्यामुळे इंजिनाची शक्तीही त्या प्रमाणात घटते. इंधन इंजेक्शन मिश्रणाचे प्रमाण सांभाळते, पण नसलेला प्राणवायू आणू शकत नाही.

पेट्रोलचा हिशेब येथे प्रत्यक्ष उपयोगी पडतो. मनाली-लेह मार्गावरील टांडीच्या पंपाजवळचा, पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असल्याचे सांगणारा फलक कित्येक वर्षे प्रवाशांच्या परिचयाचा आहे. टाकी १७ लिटरची आणि चढावरचा खप लिटरला २५ किलोमीटर धरला, तर पल्ला ४२५ किलोमीटर येतो. म्हणजे वाट चुकणे आणि वळसे धरूनही पाच लिटर जादा पेट्रोल पुरेसे होते आणि दोन्ही बाजूंना मोठे कॅन लावण्याचे कारण उरत नाही.

रस्त्यावर आडवे येणारे ओढे, ज्यांना तिकडे नाले म्हणतात, ते बर्फ वितळून वाहतात, म्हणून सकाळी त्यांत पाणी कमी आणि दुपारनंतर जास्त असते. नाल्यांचा टप्पा सकाळीच ओलांडता यावा अशा बेताने मुक्काम ठरवावेत. ओलांडताना आधी समोरचे वाहन कोठून जाते ते पाहावे, पहिल्या गिअरमध्ये स्थिर थ्रॉटल ठेवावा आणि नजर पाण्यावर न ठेवता पलीकडच्या काठावर ठेवावी. पाण्यात गाडी बंद पडून आडवी झाली, तर स्टार्टर मुळीच दाबू नये. सिलिंडरमध्ये पाणी शिरले असल्यास ते दाबले जात नाही आणि पिस्टनचा कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी ढकलून बाहेर काढावी, एअर फिल्टर उघडून पाहावा आणि तो कोरडा असेल तरच इंजिन सुरू करावे. डोंगरात दिवसाला दीडशे ते दोनशे किलोमीटर हा भरपूर पल्ला समजावा आणि अंधार पडण्याआधी मुक्काम गाठावा.

परतल्यानंतर

दौरा संपल्यावर गाडी धुताना चेन, एअर फिल्टर, ब्रेक पॅड आणि पुढच्या सस्पेन्शनचे तेल अडविणारे सील तपासून घ्यावेत आणि चाकाच्या तारांवर पान्याने हलकेच ठोकून पाहावे. ताणलेली तार खणखणीत वाजते, सैल तारेचा आवाज बद्द येतो. त्याच दिवशी सोबत नेलेल्या वस्तूंची यादी समोर घेऊन कोणती रोज लागली, कोणती एकदाच लागली आणि कोणती बॅगेतून बाहेरच आली नाही, अशी विभागणी करावी. प्रथमोपचार पेटी आणि पंक्चरचे साहित्य वगळता तिसऱ्या गटातील वस्तू पुढच्या दौऱ्यात घरी ठेवाव्यात, गाडीवर बसविलेल्या पण उपयोगी न पडलेल्या ॲक्सेसरीज काढून टाकाव्यात आणि नवे काही विकत घ्यायचे असेल, तर ते दौऱ्यात प्रत्यक्ष जाणवलेल्या अडचणीपुरतेच घ्यावे.